डबलसीटचा हिशेब

बुऱ्हाणपुरातून मोटरसायकल काढली की तीन दिशांना तीन निराळे रस्ते लागतात. एक रावेरकडे जातो. तापीच्या खोऱ्यातला सपाट रस्ता, दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मध्येच ट्रॅक्टर आणि केळीने भरलेले ट्रक. दुसरा उत्तरेला असीरगडच्या घाटात चढतो आणि पुढे खंडव्यावरून इंदूरला पोचतो. तिसरा पूर्वेला खकनार, देडतलाई करत धारणीच्या बाजूने मेळघाटात शिरतो. जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी इथल्या मराठी घरांची सोयरीक रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ या पट्ट्यात पसरलेली आहे. लग्न, बारसे, दहावा, नवरात्रात इच्छापूरच्या देवीचे दर्शन, या सगळ्यासाठी माणसे मोटरसायकलवरून जातात आणि बहुतेक वेळा डबलसीट जातात. नवरा-बायको, मायलेक, दोन भाऊ, शेताचा मालक आणि त्याचा सालदार.

या प्रवासात सगळ्यात जास्त कोण सोसतो, हे उतरल्यावर लगेच दिसते. सहा फुटी माणूस गाडीवरून उतरून पाय झाडतो, कमरेवर हात ठेवून मागे वाकतो आणि मग पायऱ्या चढतो. त्याच्यामागे बसलेली बायको एक पाय बधिर झाला म्हणून क्षणभर गाडीलाच धरून उभी राहते. दोघेही दोष रस्त्याला देतात. रस्त्याचा वाटा आहेच, पण मोठा वाटा त्यांच्याखालच्या पाऊण मीटरभर लांबीच्या फोमचा आहे. तो दुरुस्त करता येतो, आणि तेही गावातल्या गावात. काय मागायचे, एवढे मात्र आपल्याला माहीत असायला हवे.

उंच माणसाची अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहू. गाडीच्या माहितीपत्रकात सीटची जमिनीपासूनची उंची छापलेली असते. स्प्लेंडर प्लसची ७८५ मिलिमीटर, रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० ची ८०५, नव्या हिमालयन ४५० ची ८२५ आणि तीच सीट वरच्या खाचेत बसवली तर ८४५. हा आकडा बुटक्या माणसाच्या कामाचा आहे, कारण सिग्नलला पाय टेकतील की नाही हे त्यावरून कळते. उंच माणसाचे पाय कोणत्याही गाडीवर टेकतात. त्याला हवे असलेले माप वेगळेच आहे: सीटपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर. ते माहितीपत्रकात सहसा नसते. दुकानात टेप घेऊन स्वतःच मोजावे लागते.

या मापाचे महत्त्व आकड्यांत मांडले तर पटकन कळते. माणसाच्या मांडीच्या हाडाची लांबी त्याच्या उंचीच्या साधारण पावपट असते, नडगीचीही जवळपास तेवढीच. ५ फूट ५ इंचाच्या, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची मांडी आणि नडगी प्रत्येकी सुमारे साडेचाळीस सेंटिमीटर भरते. सहा फुटी माणसाची प्रत्येकी पंचेचाळीस. पहिला माणूस एखाद्या गाडीवर बसल्यावर त्याचा गुडघा बरोबर काटकोनात वाकतो असे धरले, तर त्याच गाडीवर, त्याच जागी सहा फुटी माणसाचा गुडघा साधारण ८० अंशांत दुमडतो. दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. पण पाय सतत तेवढा जास्त दुमडलेला ठेवून रावेरपर्यंत जायचे म्हणजे गुडघ्याची वाटी, मांडीचे मागचे स्नायू आणि जांघ या तिन्ही जागा ताणाखाली राहतात.

गुडघ्याचे दुखणे निदान जाणवते तरी. दुसरा परिणाम लपलेला आहे आणि माझ्या मते तोच जास्त त्रास देतो. गुडघा वर आला की मांडी सीटवरून उचलली जाते. मग शरीराचा भार पेलायला उरतात फक्त नितंबांखालची दोन हाडे. मांडी घालून कडक फरशीवर बसल्यावर जी दोन हाडे टोचतात, तीच. ८० किलोच्या माणसाचा साधारण ६० किलो भार सीटवर येतो असे समजा. बाकीचा पायांतून फूटरेस्टवर आणि हातांतून हँडलवर जातो. हा ६० किलो भार ६०० चौरस सेंटिमीटरवर पडला, तर दाब निघतो सुमारे ७३ मिलिमीटर पारा. मांड्याही टेकल्या आणि टेकणारे क्षेत्र १००० चौरस सेंटिमीटर झाले, तर तोच दाब ४४ वर उतरतो. आपल्या त्वचेखालच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतला दाब ढोबळमानाने ३२ मिलिमीटर मानला जातो. बाहेरून त्याहून बराच जास्त दाब बराच वेळ राहिला की रक्त फिरेनासे होते, आधी मुंग्या येतात आणि मग बधिरपणा. म्हणून सहा फुटी माणूस अर्ध्या तासातच सीटवर चुळबुळ करू लागतो. तो हाडांवरचा भार हलवून रक्ताला वाट करून देत असतो.

आता त्याची सीट चार सेंटिमीटर उंच केली तर? गुडघा ८० अंशांवरून साधारण ८६ वर उघडतो आणि मांडी पुन्हा सीटला लागते. पूर्ण काटकोन हवा असेल तर सहा सेंटिमीटरहून जास्त वाढवावे लागेल, पण तेवढे करू नये. सीट वर गेली की हँडल तुलनेने खाली जाते, पाठ पुढे वाकते आणि गुडघ्याची सुटका मनगटांवर येते. चार सेंटिमीटरपर्यंत हँडल क्लॅम्पमध्ये थोडे मागे फिरवून निभावून नेता येते. फूटरेस्टच खाली घेण्याचा मार्गही काही जण सुचवतात. साध्या गाड्यांवर तो माझ्या पसंतीचा नाही. गिअर आणि ब्रेकचे पेडल फूटरेस्टच्या हिशेबानेच बसवलेले असते, आणि खाली आलेला फूटरेस्ट वळणावर किंवा गावातल्या उंच गतिरोधकावर घासतो.

कारखान्याने हे आधीच का केले नाही, असा राग उंच माणसाला येतो. उत्तर सरळ आहे. भारतीयांच्या शरीरमापांचे डिझायनरांसाठी तयार केलेले पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. अशा मापांचा वापर करताना रिवाज असा की शंभरांतली सर्वांत लहान पाच आणि सर्वांत मोठी पाच माणसे सोडून द्यायची आणि मधल्या नव्वदांसाठी वस्तू बनवायची. भारतात सहा फुटी माणूस त्या वरच्या पाचांत पडतो. लाखोंनी खपणाऱ्या गाडीला हा हिशेब चुकत नाही. पण वगळलेल्या माणसालाही त्याच गाडीवर वीस वर्षे काढायची असतात, आणि त्याची सोय कोणीतरी करायलाच हवी.

जुन्या गाड्यांवर ही अडचण निराळ्या रूपात होती. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटवर चालवणाऱ्याची सीट स्वतंत्र असायची, खाली दोन जाड स्प्रिंगा आणि वर रुंद बैठक. मागच्या माणसासाठी मडगार्डवर वेगळी गादी. त्या रचनेत एक मोठा गुण होता: एकाची सीट बदलली तरी दुसऱ्याला धक्का लागत नव्हता. अवगुण हा की मागचा माणूस चाकाच्या डोक्यावर, जवळजवळ अधांतरी बसायचा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि एकच लांब सलग सीट ही घराघरातली गोष्ट झाली. या सीटने मागच्या माणसाला माणसासारखे बसवले, हे तिचे मोठे काम. पण तेव्हापासून दोघांची सीट एकच झाली. पुढच्यासाठी केलेला प्रत्येक बदल मागच्याच्या जागेतून वजा होतो.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. उंच माणसाची मांडी लांब, म्हणून तो टाकीपासून चार-पाच सेंटिमीटर मागे सरकून बसतो. त्याच्यामागची व्यक्ती तेवढीच मागे ढकलली जाते आणि तिची पाठ ग्रॅबरेलला लागते. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधले अंतर १२३६ मिलिमीटर आहे. ८० किलोचा पुढचा आणि ६० किलोचा मागचा, दोघेही पाच सेंटिमीटर मागे सरकले, तर पुढच्या चाकावरचा साडेपाच किलोच्या आसपास भार मागच्या चाकावर जातो. सपाट रस्त्यावर याचे काही वाटत नाही. असीरगडच्या चढावर, मागच्या कॅरिअरला पिशवी बांधलेली असताना हँडल हलके लागायला लागते, त्याच्या कारणांतले हे एक.

म्हणून सलग सीटवर दोघांच्या मध्ये जो बारीकसा उंचवटा असतो, त्याची जागा फार जपून ठरवावी लागते. हा उंचवटा दोन कामे करतो. पुढच्याच्या कमरेला तळाशी आधार देतो आणि ब्रेक लागल्यावर मागच्या व्यक्तीला पुढे घसरू देत नाही. उंच माणसाच्या बाबतीत कारखान्यातून आलेला उंचवटा चुकीच्या जागी असतो. तो त्याच्या नितंबांच्या बरोबर खाली येतो आणि माकडहाडाला टोचतो. मग तो पुढे सरकतो, गुडघे आणखी दुमडतात, टाकीला लागतात, पुन्हा मागे सरकतो. उंचवटा चार-पाच सेंटिमीटर मागे नेला की पुढच्याचे काम झाले, पण मागच्या व्यक्तीची जागा तेवढी आखडली. ती जागा कुठून तरी परत मिळवून द्यावी लागते. एकतर सीटच्या शेपटाकडचा उतार भरून काढून ते सपाट करायचे, किंवा उंचवट्याची मागची बाजू जवळजवळ उभी ठेवायची, म्हणजे उतारात वाया जाणारी दोन-तीन बोटे बसायला मिळतात. उंचवट्याची उंची अडीच-तीन सेंटिमीटर पुरते. त्याहून जास्त ठेवली तर मागच्या व्यक्तीचे गुडघे वर येतात आणि पुढच्याची जी तक्रार होती तीच मागे जाऊन बसते.

पुढची बैठक चार सेंटिमीटर उचलली आणि मागची तशीच ठेवली, तर मागच्या व्यक्तीला पुढचे काही दिसत नाही. फक्त एक रुंद पाठ दिसते. खड्डा येतो आहे हे न दिसल्याने तिचे शरीर सावरायला तयार नसते, आणि प्रत्येक धक्का तिच्या मणक्यात पूर्ण उतरतो. ब्रेक लागला की तिचे हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटते. म्हणून पुढे चार सेंटिमीटर वाढवताना मागेही दोन सेंटिमीटर वाढवावे, असे मी सुचवीन. त्याहून जास्त मात्र नको, नाहीतर तिच्या पायांना फूटरेस्ट पुरणार नाही. उंच नवरा आणि पाच फुटी बायको ही आपल्याकडे नेहमीची जोडी. त्या जोडीत हे दोन सेंटिमीटर फार जपून वापरायचे असतात.

साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईचा विचार तर सीट बनवताना क्वचितच होतो. बुऱ्हाणपूर, रावेरच्या रस्त्यांवर अजूनही कितीतरी बायका डावीकडे पाय सोडून बसतात. त्यांच्यासाठी सीटची रुंदी हीच बैठकीची खोली असते. सरळ बसणाऱ्याची मांडी सीटच्या लांबीच्या दिशेने असते, यांची आडवी. मांडी चाळीस सेंटिमीटरची आणि सीट जेमतेम पाऊण फूट-फूटभर रुंद. निम्मी मांडी हवेत राहते, लोंबणाऱ्या पायांचे वजन सतत बाहेर ओढत असते, भार एकाच बाजूच्या हाडावर येतो आणि पुढे पाहण्यासाठी कंबर पिळून धरावी लागते. त्यात सीट मध्ये उंच आणि कडेला उतरती असेल, तर ती बाई पूर्ण प्रवासभर घसरण थांबवत बसलेली असते. तिचा उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर का घट्ट असतो, याचे हे कारण. अशा बाईसाठी मागची सीट माथ्यावर अगदी सपाट हवी, डावी कड कडक फोमची आणि गोल केलेली हवी, म्हणजे मांडीखालची शीर दबणार नाही. शेपटाकडे निमुळत्या होत गेलेल्या, दोन तुकड्यांच्या स्पोर्टी सीटवर कितीही फोम घातला तरी हे जमत नाही. घरातली बाई एका बाजूने बसणार असेल, तर गाडी घेतानाच मागची रुंदी पाहावी. नंतर ती वाढवणे अवघड.

कायद्यानेही मागच्या व्यक्तीचा विचार केला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच व्यक्ती बसवता येते आणि तीही पक्क्या बसवलेल्या सीटवरच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागच्या व्यक्तीसाठी धरायला कायमची कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपले साडीगार्ड, बंधनकारक केले. या नियमाची अंमलबजावणी व्हावी म्हणून मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही शोभेसाठी साडीगार्ड काढून टाकणारे तरुण दिसतात. त्यांनी ते परत बसवावे, हे मला मनापासून सांगायचे आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेल्यावर सावरायला वेळच मिळत नाही.

आता फोमकडे वळू, कारण सीट बनवणाऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न हमखास हाच असतो: "भाऊ, नरम करू का कडक?" आणि गिऱ्हाइकाचे उत्तरही ठरलेले: नरम. हे उत्तर देऊ नये. नरम फोम दुकानात बसून पाहताना सुखाचा वाटतो. रस्त्यावर वीस मिनिटांत हाडांखाली तो पूर्ण चेपतो, आणि मग माणूस खरे तर प्लास्टिकच्या बेसवर बसलेला असतो. फोमचे दोन गुण असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन. दुकानात ३२ किंवा ४० 'डेन्सिटी' म्हणतात तो हा आकडा. कडकपणा म्हणजे तो फोम ठरावीक अंतर दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोम नरमही असू शकतो आणि कडकही. घनता जास्त असेल तर तो वर्षानुवर्षे आपला आकार धरून राहतो, एवढे पक्के. तेव्हा मागणी अशी करावी: खाली जास्त घनतेचा कडक थर, आणि वर एक-दीड सेंटिमीटरचा नरम थर. खालचा थर भार पेलतो, वरचा हाडांच्या टोकांभोवती जागा करून देतो. फोमच्या कतरणी दाबून बनवलेला रिबॉण्डेड फोम खालच्या थराला चालतो, स्वस्तही पडतो. वर मात्र तो वापरू नये, गाठी लागतात.

जेल पॅडबद्दल लोक फार विचारतात. जेल दाब पसरवते हे खरे, पण जेल धक्का गिळत नाही आणि उन्हात तापले की लवकर गार होत नाही. बुऱ्हाणपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना काळ्या रेक्झिनवर दुपारी बसण्याचा अर्थ सांगायला नको. जेल घालायचेच असेल तर ते निदान एक सेंटिमीटर फोमखाली असावे. त्यापेक्षा फिकट किंवा तपकिरी रंगाचे, किंचित खडबडीत रेक्झिन घेण्याने जास्त सुख लागते. खडबडीत पृष्ठभागावर घसरण कमी होते आणि घाम साचत नाही. गुळगुळीत चकचकीत रेक्झिन एका बाजूने बसणाऱ्या बाईसाठी तर टाळावेच.

फोमबद्दल आणखी एक गोष्ट. बसलेल्या माणसाचे धड उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देते ते सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या टप्प्यात. मणक्याला, पोटाला त्रास देणारे हादरे याच पट्ट्यातले. इंजिनची थरथर याहून कितीतरी वेगवान असते आणि ती साधा फोमही अडवतो. पण खडबडीत रस्त्याचे संथ हेलकावे फोमने अडत नाहीत. जाड नरम फोम तर याच पट्ट्यात स्वतः डोलतो आणि हादरा वाढवून देतो. ते काम सीटचे नसून शॉकअपचे आहे, आणि इथे लोक हातातली सोय वापरत नाहीत. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या मागच्या शॉकअपला खाली पाच खाचांची कडी असते. हुक पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि दुसरा माणूस बसल्यावर गाडीचा मागचा भाग कमी खचतो. गाडी घरात आल्यापासून ही कडी कोणी हलवलेली नसते. दोघे बसल्यावर मागचा भाग तीन सेंटिमीटर जास्त खचला, तर पूर्ण सीट सुमारे दीड अंश मागे कलते. तेवढ्यानेही ओटीपोटाचे हाड थोडे मागे झुकते, पाठीला बाक येऊ लागतो आणि भार माकडहाडाकडे सरकतो. बायकोला घेऊन रावेरला निघताना कडी दोन खाचा वर घ्यावी, एकट्याने शेतावर जाताना खाली आणावी. दोन्ही बाजूंना खाच सारखी हवी. टायरची हवाही स्टिकरवर एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी लिहिलेली असते, ती पाहून भरावी. या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही. सीट फाडण्याआधी त्या करून पाहाव्यात. कित्येकांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मिटली नाही, तर सीट बनवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी घरीच एक चाचणी करता येते. व्यायामाची किंवा योगाची चटई घडी करून पुढच्या बैठकीवर चार सेंटिमीटर जाडीची होईल अशी बांधायची, मागच्या बैठकीवर दोन सेंटिमीटरची, आणि आठवडाभर तशीच गाडी चालवायची. गुडघे, मनगटे, कंबर यांपैकी काय सुधारले आणि काय नवे दुखू लागले ते दोघांनी एकमेकांना सांगायचे. याच आठवड्यात कोणीतरी बाजूने फोटो काढावा: गाडी स्टँडवर नको, दोन्ही चाकांवर, आणि दोघेही बसलेले. फोटोत पुढच्याचा गुडघा, मागचीची पाठ आणि मधली जागा स्पष्ट दिसते. सीट बनवणाऱ्याला शंभर शब्दांत जे सांगता येत नाही ते या एका फोटोवरून कळते.

एकच गाडी घरातले तिघे चालवत असतील, आणि बुऱ्हाणपूरच्या बऱ्याच घरांत तसेच असते, तर कायमची उंच सीट दुसऱ्यावर अन्याय करते. वडील साडेपाच फुटांचे, मुलगा सहा फुटी, गाडी एक. अशा घरात पट्ट्याने बांधायचा वेगळा पॅड शिवून घ्यावा. खाली रबरी जाळी लावली तर तो सरकत नाही. दिसायला तो कमी देखणा असेल, पण वडिलांचे पाय टेकणे हे मुलाच्या गुडघ्याइतकेच महत्त्वाचे आहे. दोघे बसलेल्या गाडीला लाल दिव्यावर एकटा चालवणारा सावरून धरत असतो.

दुकानात जाताना मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे. चांगला कारागीर स्वतःच म्हणतो, "वहिनींना घेऊन या, मग खुणा करू." तो रेक्झिन उतरवतो, दोघांना उघड्या फोमवर बसवतो आणि खडूने खुणा करतो: याची हाडे कुठे टेकली, हिची कुठे, मधली रेघ कुठे. मग पात्याने आणि ग्राइंडरने उंचवटा उतरवून मागे नेतो, सोल्यूशन लावून नवा थर चिकटवतो आणि पुन्हा बसवून पाहतो. पुढच्या बैठकीवर गवंड्याची लेव्हल ठेवून पाहायला सांगावे. दोघे बसलेले असताना बुडबुडा मध्ये किंवा किंचित मागे उतार दाखवणारा हवा. सीट पुढे उतरती राहिली तर माणूस सतत टाकीकडे घसरतो आणि हातांवर भार येतो. रेक्झिन चढवण्यापूर्वी फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद घालून घ्यावा. शिवणीतून पावसाचे पाणी आत जाते, फोम ते धरून ठेवतो, आणि श्रावणात कोरड्या दिवशीही बसले की कपडे ओले होतात. त्याहून चांगले म्हणजे बैठकीच्या जागी शिवण येऊच न देणे. ती कडेला घ्यावी.

मूळचा फोम कारागिराला कापू द्यायचा का, यावर मी ठाम आहे: शक्यतो देऊ नये. कारखान्यातला साच्यात ओतलेला फोम वर्षानुवर्षे टिकतो आणि तसा पुन्हा मिळत नाही. जुनी, फाटलेली सीट भंगारवाल्याकडून किंवा गॅरेजमधून घेऊन तिच्या बेसवर नवे काम करून घ्यावे आणि मूळची सीट माळ्यावर ठेवावी. गाडी विकताना ती उपयोगी पडते.

नवा फोम पहिल्या दोन आठवड्यांत थोडा बसतो, कुठे जास्त तर कुठे कमी. म्हणून रेक्झिन लावताना कारागिराला आधी मोजक्याच पिना मारायला सांगाव्यात. तेवढ्यात एकदा असीरगडचा घाट आणि एकदा रावेरचा सपाट रस्ता दोघांनी मिळून करावा, दुखणारी जागा खडूने सीटवरच खूण करून ठेवावी, आणि परत जाऊन तेवढा थर कमी-जास्त करून घ्यावा. मग रेक्झिन ओढून पक्क्या पिना मारून घ्याव्यात.